मेलेल्या पेशी मोजताना : एम.फार्म. प्रकल्पाच्या नोंदी

१२ जून

पुण्याच्या एनसीसीएसमधून (राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र) पेशी घेऊन महाराष्ट्र एक्स्प्रेसनं आले. तळहाताएवढा फ्लास्क, तोंडापर्यंत लाल मीडियम (पेशींचं खाद्यद्रव), झाकणाला पॅराफिल्मचे वेढे, वरून थर्माकोलचा डबा. बर्थखाली ठेवला असता तर कोणीतरी बॅग ढकलली असती, म्हणून रात्रभर मांडीवरच. समोरच्या मावशींनी भुसावळपासून तीनदा विचारलं, "पोरी, त्यात हाय तरी का?" शेवटी सांगितलं, जिवंत पेशी आहेत. "मंग खायले का देतं त्याईले?" हसू आलं, पण प्रश्न नेमका होता. वर्ध्यानंतर डब्याला ओला रुमाल गुंडाळला.

कॉलेजात पोचल्यावर मायक्रोस्कोपखाली पाहिलं तर अर्ध्या पेशी तळाला चिकटलेल्या, अर्ध्या तरंगत. मेल्या म्हणून रडकुंडीला आले. मॅडम म्हणाल्या, या पेशींची रीतच अशी आहे, तरंगणाऱ्याही जिवंत असतात, फेकू नको.

१४ जून

पेशींचं नाव एसएच-एसवाय५वाय. चार वर्षांच्या एका मुलीला न्यूरोब्लास्टोमा, म्हणजे कच्च्या चेतापेशींचा कर्करोग झाला होता. १९७० साली तिच्या अस्थिमज्जेतून घेतलेल्या नमुन्यातून मूळ वाण निघाला आणि त्यातून तीनदा निवड करून हा. खऱ्या चेतापेशी विभागत नाहीत, त्यामुळे फ्लास्कमध्ये वाढवून पुरवून वापरता येत नाहीत. या मात्र कर्करोगाच्या, म्हणून वाढतात. चेतापेशीच्या वळणाच्या, म्हणून उपयोगी. ती मुलगी आज असती तर आईपेक्षा मोठी असती. हे थिसिसमध्ये लिहिण्यासारखं नाही, म्हणून इथं लिहून ठेवते.

१८ जून

आमचं कॉलेज धानाच्या बांध्यांच्या मधोमध. पाऊस अजून नाही, दुपारी पत्रा तापतो. इनक्युबेटर ३७ अंशांवर लावलाय खरा, पण त्याला फक्त तापवता येतं, थंड करता येत नाही. खोलीच चाळिशीला गेली की तो हात वर करतो. म्हणून एसी चोवीस तास. काल रात्री डीपीवरचा फ्यूज उडाला, एसी बंद, इनक्युबेटर बंद. सकाळी मीडियम लालचं जांभळट गुलाबी झालेलं. कार्बन डायऑक्साइड उडून गेला की मीडियम अल्कधर्मी होतं आणि त्यातलं फिनॉल रेड हे रंगद्रव्य रंग बदलतं. पेशी वाचल्या. सिलिंडर नागपूरहून यायला चार दिवस लागतात, तेव्हा यापुढे एक जास्तीचा ठेवायचा, पैसे कोण देणार ते नंतर बघू.

३ जुलै

विषय पक्का झाला: शिसं आणि कॅडमियम, दोन्हींचा या पेशींवर परिणाम. मला पारासुद्धा हवा होता, त्यातही मिथाइल मर्क्युरी, कारण जपानमधलं मिनामाटाचं पाऱ्याचं विषकांड सगळ्यांना माहीत आहे, परीक्षकांनाही. मॅडमनी साफ नाही म्हटलं आणि कॅरेन वेटरहानची गोष्ट सांगितली. अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या प्राध्यापक. ऑगस्ट १९९६ मध्ये डायमिथाइल मर्क्युरीचे काही थेंब हातमोज्यावर पडले. मोजा लॅटेक्सचा होता, त्यातून ते आरपार गेले. त्यानंतर काही महिने काहीच नाही. जानेवारीत तोल जायला लागला, बोलणं अडखळायला लागलं. जून १९९७ मध्ये त्या गेल्या. "आपल्याकडे फ्यूम हूडचा पंखा कसा आवाज करतो ते ऐकलंयस ना," मॅडम म्हणाल्या. विषय संपला.

तरी वाचून ठेवलं, कारण पाऱ्याची चाल बघण्यासारखी आहे. मिथाइल मर्क्युरी सिस्टीन या अमिनो आम्लाला चिकटतो, तेव्हा त्या जोडीचा आकार मेथिओनिनसारखा दिसतो. मेथिओनिन हे अन्नातलंच अमिनो आम्ल. मेंदूच्या वेशीवरचा वाहक त्याला ओळखीचा समजून स्वतःच आत नेऊन सोडतो.

आणि इराक. १९७१ च्या शेवटी तिथं पेरणीसाठी गहू आला होता, बुरशी लागू नये म्हणून मिथाइल मर्क्युरी चोळलेला आणि ओळखू यावा म्हणून लाल रंगवलेला. पेरणीची वेळ निघून गेलेली, घरात खायला कमी. लोकांनी गहू धुतला, रंग गेला, विष गेलं असं वाटलं. काहींनी आधी जनावरांना घालून पाहिलं. जनावरं लगेच मेली नाहीत, म्हणून मग भाकऱ्या केल्या. परिणाम दिसायला आठवडे लागतात. सरकारी आकडा ४५९ मृत्यूंचा.

आमच्या घरी उरलेलं रंगीत बियाणं धुऊन कोंबड्यांना टाकतात. आजच्या बियाण्यावरचं औषध वेगळं, पण धुण्यामागचा विचार तोच. आईला फोन करून टाकू नको म्हणून सांगितलं. ती म्हणाली, "दरसाली टाकतो, एक कोंबडी नाई मेली."

९ जुलै

फजिती. लेड अॅसिटेट पीबीएसमध्ये (पेशींसाठीचं खारं बफर द्रावण) विरघळवायला घेतलं आणि नळीत दूध नासल्यासारखं पांढरं झालं. पीबीएसमध्ये फॉस्फेट, शिशाला फॉस्फेट दिसलं की दोघं मिळून तळाला बसतात. बारावीच्या रसायनशास्त्रातली गोष्ट. एम.फार्म.च्या दुसऱ्या वर्षाला असून विसरले. दुसऱ्यांदा ऊर्ध्वपातित पाण्यात केलं, स्वच्छ.

मॅडमचा पुढचा मुद्दा जास्त अडचणीचा. मीडियममध्येही फॉस्फेट आहे, बायकार्बोनेट आहे, सीरममधलं अल्ब्युमिन तर धातू धरून ठेवण्यात पटाईत. म्हणजे मी १० मायक्रोमोलर (द्रावणातल्या प्रमाणाचं माप) लिहिलं तरी मोकळं शिसं त्याहून कितीतरी कमी. थिसिसमध्ये प्रत्येक ठिकाणी "नाममात्र मात्रा" असं लिहायचं ठरलं. मात्रा देण्यापुरतं सीरम एक टक्क्यावर आणायचं.

१६ जुलै

कॅडमियमची प्लेट वाचली. पहिला निकाल जो निकालासारखा दिसतो.

पद्धत एमटीटी. पिवळं रसायन, जिवंत पेशी त्याचं जांभळं करते, मेलेली करत नाही. जांभळे स्फटिक डीएमएसओ या द्रावकात विरघळवून ५७० नॅनोमीटरला वाचायचे. ९६ घरांची प्लेट उजेडात धरली तर डावीकडून उजवीकडे जांभळा फिका होत गेलेला, शेवटच्या दोन रांगांत जवळपास पिवळाच. रीडर नसता तरी नुसत्या डोळ्यांनी सांगता आलं असतं.

मरताना पाहिल्याही. काल रात्री मुद्दाम थांबले. २५ मायक्रोमोलरच्या घरात सहा तासांनी पेशींनी तळ सोडायला सुरुवात केली, अंग आखडून गोल झाल्या. मग कडेला फुगे येऊ लागले, भात उकळताना झाकणाखाली येतात तसे, फक्त फार हळू. एक पेशी मी नजरेत धरून ठेवली होती. चहा घेऊन आले तोवर ती तीन-चार गोळ्यांत फुटलेली. हा फुटण्याचा अपघात नाही, पेशी स्वतःला आवरून घेते. कॅडमियम आत येतं कॅल्शियमच्या वाटेनं (दोघांच्या आयनांचा आकार जवळजवळ सारखा), ग्लुटाथायोन नावाची शिबंदी संपवतं, जस्ताला त्याच्या जागेवरून उठवतं, मायटोकॉन्ड्रियाला गळती लावतं. त्यातून सायटोक्रोम सी हे प्रथिन बाहेर पडलं की कॅस्पेझ नावाच्या कात्र्या चालू होतात, आणि मग थांबवणारा कोणी नसतो.

जपानमधल्या जिन्झू नदीकाठच्या बांध्यांत खाणीचं कॅडमियम उतरलं होतं, तिथला भात खाऊन बायकांची हाडं ठिसूळ झाली. इताई-इताई, म्हणजे "दुखतंय, दुखतंय". भातशेतीच्या गावात बसून हे वाचताना घास जरा अडतो. कॅडमियम एकदा मूत्रपिंडात शिरलं की निम्मं व्हायला दहा ते तीस वर्षं.

सगळं वापरलेलं द्रव वेगळ्या कॅनमध्ये, बेसिनमध्ये नाही. आमच्या बेसिनची नाली कुठं जाते ते मी जाऊन पाहिलंय. बांधीत जाते.

२० जुलै, रविवार

घरी. रोवणी चालू, सगळ्या बाया बांधीत, घरात मोठे बाबा एकटे. आम्ही वैनगंगेकाठचे ढिवर. पाणी चढलं की जाळी बाहेर निघतात. मोठे बाबा फेकजाळ्याचा घेर नवा करत बसले होते आणि शिसं वितळवत होते.

लहानपणापासून पाहिलंय, पण आज पहिल्यांदा नीट पाहिलं. भंगारवाल्याकडून आणलेले शिशाचे तुकडे, चुलीवर लोखंडाची लहान कढई. आधी काहीच होत नाही, मग एकदम बुड चमकतं आणि तुकडे आपल्याच पाण्यात बसकण मारतात. वर राखाडी साय येते, ती पळीनं बाजूला सारायची. विटेत कोरलेल्या खाचेत ओतायचं, निवलं की कांडी निघते, कांडीचे मणी कापायचे. मणी दोरीवर बसवायचा आणि दातानं दाबायचा. कर्रकन आवाज येतो. एका जाळ्याला शेकड्यांनी मणी.

शिसं ३२७ अंशांना वितळतं. चूल त्याच्या कितीतरी वर जाते, आणि मग धूर दिसत नसला तरी शिसं हवेत असतं. ती राखाडी साय म्हणजे ऑक्साइड, हाताला लागतं, तोंडात जातं. मी म्हटलं, मोठे बाबा, दातानं नका दाबू, जहर आहे ते.

"जहर? चाळीस वर्सं झाले दाबून रायलो. मेलो का?"

उत्तर सुचलं नाही. शिशानं मनगट लुळं पडतं असं वाचलेलं, म्हणून हात पुढे करायला सांगितला. त्यांना वाटलं भविष्य बघते. मनगट सरळ. हिरड्यांवर निळसर रेघ असते म्हणतात, तीही बघायची होती, पण खर्ऱ्यानं हिरड्या इतक्या रंगल्यात की तिथं काहीही दिसणार नाही.

निघताना एक गोष्ट लक्षात आली. शिसं आटपल्यावर आईनं तीच कढई राखेनं घासून मिरच्या भाजायला चुलीवर ठेवली.

२९ जुलै

शिशाची प्लेट. वाईट दिवस.

१, ५, १०, २५, ५०, १०० मायक्रोमोलर, चोवीस तास. सगळी घरं जांभळी, शंभरचं जरासं फिकं. पुन्हा केलं, तेच. ट्रिपॅन ब्लू घालून मोजल्या, निळ्या म्हणजे मेलेल्या पेशी कंट्रोलएवढ्याच, म्हणजे शिसं न दिलेल्या घरांएवढ्याच. ज्युनियर म्हणाला, "ताई, तुमचं शिसं डुप्लिकेट आहे." माझ्या मनात मोठे बाबा. मेलो का? नाही, मेल्या नाहीत.

मॅडमना आलेख दाखवला. त्यांनी एवढंच विचारलं, "मेल्या नाहीत हे कळलं. पण करतायत काय?" मग म्हणाल्या, तू मोजलंस ते मरण. चेतापेशीचं काम नुसतं जगणं नसतं.

३१ जुलै

रात्री वाचलं. शिसं कॅल्शियमचं सोंग घेतं, आणि सोंग असं वठवतं की मूळ पात्राला स्टेजवर जागाच उरत नाही. आमच्या दंडारीत राजाचं सोंग घेतलेला माणूस रात्रभर हुकूम सोडतो आणि सगळे ऐकतात, तसं. प्रोटीन कायनेझ सी या पेशीतल्या विकराला चालू करायला कॅल्शियम मायक्रोमोलर मात्रेत लागतं, शिसं पिकोमोलर मात्रेत ते करून दाखवतं. म्हणजे दहा लाखांश. कॅल्मोड्युलिन या प्रथिनात कॅल्शियमच्या खुर्च्या आहेत, त्यांवर जाऊन बसतं. शिकण्या-लक्षात ठेवण्याशी बांधलेला एनएमडीए ग्राहक बंद पाडतं. या कशानंही पेशी मरायलाच पाहिजे असं नाही. चुकीच्या वेळी हुकूम सुटतात, बरोबर वेळी सुटत नाहीत. आणि एमटीटीला हे दिसतच नाही, तो फक्त चूल पेटलेली आहे का तेवढं बघतो.

पोटात गेलेल्या शिशाचा मोठ्या माणसात दहावा हिस्सा शोषला जातो, लहान मुलात निम्म्यापर्यंत. हाडात कॅल्शियमच्या जागी बसून वर्षानुवर्षं राहतं. शिशाची सुरक्षित अशी पातळीच ठाऊक नाही, असं जागतिक आरोग्य संघटना म्हणते.

७ ऑगस्ट

रेटिनोइक अॅसिड सुरू केलं, १० मायक्रोमोलर, सीरम एक टक्का. ते उजेडात बिघडतं, म्हणून नळ्या फॉइलमध्ये आणि मी अंधारात चाचपडत. याच्या संगतीत पेशी विभागणं थांबवतात आणि पाच-सात दिवसांत बारीक लांब धागे काढतात. पुस्तकात न्यूराइट. मी वहीत पहिल्या दिवसापासून "फुटवे" लिहिते, धानाच्या चुडाला येतात ते. मॅडमनी वही पाहून लाल पेनानं न्यूराइट केलं, मग स्वतःच दुसऱ्या दिवशी विचारलं, "किती फुटवे आले?"

१२ ऑगस्ट

बुरशी. दोन फ्लास्क गेले. पावसाळी हवा, एसीची फिल्टर कोणी धुतलीच नव्हती.

२१ ऑगस्ट

फुटवे मोजले. आय-पीसला मोबाइल लावून फोटो, प्रत्येक घरातून ठरलेल्या पाच जागा. धागा पेशीच्या व्यासापेक्षा लांब असेल तरच फुटवा. ज्युनियरनं लेबलांवर पट्ट्या चिकटवल्या होत्या, कोणतं घर कशाचं ते मला ठाऊक नव्हतं. तीन रात्री मोजत होते, मान धरली. पट्ट्या काढल्या तेव्हा:

कंट्रोलमध्ये निम्म्याहून जास्त पेशींना फुटवे. १० आणि २५ मायक्रोमोलर शिशाला तेच एकतृतीयांशाच्या खाली, आले तेही आखूड, काही जागी धाग्यात गाठी पडलेल्या. त्याच घरांत ट्रिपॅन ब्लूनं निळ्या पेशी जवळजवळ नाहीतच. जिवंत, गोलमटोल, एकमेकींपासून तुटलेल्या.

१ मायक्रोमोलरनं मात्र घोळ घातला. तिथं फुटवे कंट्रोलपेक्षा जास्त. मी पट्ट्या उलट्या लागल्या असं धरून पुन्हा मोजले, पुन्हा जास्त. मॅडम म्हणाल्या, उंदराच्या पीसी१२ पेशींतही थोड्या शिशानं धागे वाढलेले दिसलेत, आकडा खोडू नको. काळजी करण्यासारखी गोष्ट ती कमीची आहे की जास्तीची, हे मला ठरवता येत नाही. धानाला उशिरा आलेले फुटवे लोंबीला येत नाहीत, नुसता पेंढा होतो. हे वाक्य चर्चेच्या प्रकरणात चालणार नाही.

२३ ऑगस्ट

तान्हा पोळा. गावी. चौकात पोरांचे लाकडी नंदी, पुतण्याचा मोठ्या बाबांनी घरीच रंगवलेला, पिवळाधमक. रंगाचा डबा माळ्यावरचा, जुना, लेबल गेलेलं. घरगुती रंगात शिसं ९० पीपीएमपेक्षा जास्त नको हा नियम २०१६ मध्ये आला, २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू. डबा त्याआधीचा आहे हे मोठे बाबाच सांगतात, माझ्या ताईच्या लग्नात दारं रंगवली तेव्हाचा. पुतण्या दोन वर्षांचा, नंदीचं शिंग तोंडात. काढून घेतला तर त्यानं सगळा चौक डोक्यावर घेतला. आई म्हणाली, सणाच्या दिवशी पोराला काऊन रडवतेस.

२ सप्टेंबर

कढई कॉलेजात आणली. आईला म्हटलं, दोन दिवसांसाठी.

आधी घासून धुतली, घरी धुतात तशी. मग आत थोडं पातळ अॅसिटिक अॅसिड टाकून मंद तापवलं. घरी यात आंबाडीची भाजी शिजते, आंबट ते आंबटच. ते पाणी गाळून त्यात पोटॅशियम आयोडाइड टाकलं. पिवळं-तपकिरी झालं आणि मी ओरडलेच. मॅडम शांतपणे म्हणाल्या, कढई कशाची आहे? लोखंडाची. फेरिक लोह आयोडाइडमधून आयोडीन काढतं, तोही असाच रंग देतो. पुन्हा बारावी.

दुसऱ्यांदा आधी व्हिटॅमिन सी टाकलं, लोहाची खोडी मोडायला. मग आयोडाइड. तपकिरी आलं नाही, पण पिवळी गढूळ साय आली. नळी गरम पाण्यात धरली, पिवळं विरघळून पाणी नितळ झालं. बाहेर काढून खिडकीत ठेवली. निवता निवता पाण्यात सोनेरी कण तरंगायला लागले, उन्हात झगमग, पोळ्याच्या बेगडासारखे. लेड आयोडाइडचीच ही खूण. ज्युनियरनं व्हिडिओ काढला. "किती सुंदर आहे ताई," म्हणाला. होतंच.

किती शिसं आहे ते यातून कळत नाही, आहे एवढंच कळतं.

९ सप्टेंबर

उरलेल्या पेशी गोठवल्या, दहा टक्के डीएमएसओ, सहा व्हायल. आलेख नवे काढले, मरणाचा एक आणि फुटव्यांचा एक, शेजारीशेजारी. व्हिडिओ मोठ्या बाबांना पाठवला होता. त्यांनी दोनदा पाहिला असं ताई सांगते. मणी आता पकडीनं दाबतात, वितळवणं परसात नेलंय जुन्या डब्यात. बंद करत नाहीत. शिशाविना जाळं बुडत नाही म्हणतात. आजोबा भाजलेल्या मातीचे मणी लावायचे हे त्यांनीच सांगितलं, आणि लगेच, ते फुटतात म्हणून.

संध्याकाळी आईचा फोन. "कढई कवा आणतेस? दोन दिवस म्हणत होतीस."

नवी आणते म्हटलं, या रविवारी.

"अन् जुनी?"

जुनी मॅडमच्या टेबलाखाली आहे, "शिसे, धुऊ नये" अशी चिठ्ठी लावून. सफाईच्या काकूंनी तरी काल धुवायला उचलली होती.